कोऱ्या पाटीचा हिशेब

साथ ओसरली, शाळांची दारे उघडली, घंटा पूर्ववत वाजू लागल्या आणि शिक्षण खात्याच्या दप्तरातील एक प्रकरण निकालात निघाले, अशी समजूत आज सर्वत्र रूढ झाली आहे. ही समजूत खोटी आहे. ती टिकून राहिली याचे कारण एवढेच की, ती सर्वांना सोयीची आहे. शासनाला सोयीची आहे, कारण उत्तर द्यावे लागत नाही. शिक्षणसंस्थांच्या चालकांना सोयीची आहे, कारण निकालाची टक्केवारी फलकावर लावता येते. आणि खेदाने म्हणावे लागते की, ती पुष्कळशा पालकांनाही सोयीची वाटते. कारण मूल वरच्या वर्गात गेले म्हणजे शिकले, असे मानले की मन स्वस्थ होते. गैरसोय एकट्या मुलाची होते आणि त्याच्या हाती वर्तमानपत्र नाही.

प्रथम तारखा पाहू. तारखा खोटे बोलत नाहीत. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या आणि २४ मार्चच्या रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. कर्नाटकात दहावी आणि बारावीचे वर्ग १ जानेवारी २०२१ रोजी उघडले, दुसरी लाट येताच पुन्हा सारे बंद झाले, नंतर २३ ऑगस्ट २०२१ पासून नववी ते बारावी व ६ सप्टेंबरपासून सहावी ते आठवी असे टप्प्याटप्प्याने वर्ग सुरू करण्याचे आदेश निघाले. पहिली ते पाचवीच्या बालकांसाठी शाळेचे दार उघडले ते २५ ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे जे मूल सर्वांत लहान, ज्याला शिक्षकाच्या हाताची व आवाजाची गरज सर्वांत अधिक, ते एकोणीस महिने शाळेबाहेर राहिले. जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढले, त्याने पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. त्याने शाळेत पहिले पाऊल टाकले तेव्हा तो दुसरीत होता.

आता याच एकोणीस महिन्यांत काय काय उघडे होते ते पाहू. मद्याची दुकाने ४ मे २०२० रोजी उघडली. ग्रामपंचायतींच्या निवडणुका २२ व २७ डिसेंबर २०२० रोजी दोन टप्प्यांत झाल्या. बेळगाव लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ रोजी, दुसरी लाट ऐन भरात येत असता, पार पडली. बेळगाव महानगरपालिकेची निवडणूक ३ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. मतदान केंद्रे कोठे असतात हे सांगावयास नको. ज्या वर्गाच्या फळ्यावर मार्च २०२० ची तारीख तशीच राहिली असेल, त्याच वर्गात मतपेटीसाठी मेज मांडले गेले, रांगा लागल्या, बोटांना शाई लागली. मतदाराला शाळेत शिरता येत होते. विद्यार्थ्याला येत नव्हते. याहून अधिक स्पष्ट शब्दांत कोणत्या शासनाने आपल्या मनातील क्रम सांगितला असता?

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून येथेच सांगून ठेवतो. साथ खरी होती. एप्रिल-मे २०२१ मधील ते दिवस कोणी विसरलेले नाही. प्राणवायूच्या एका नळकांड्यासाठी धावणारी माणसे प्रत्येक गल्लीने पाहिली आहेत. आरंभी शाळा बंद केल्या हे योग्यच झाले. रोगाचे स्वरूप अज्ञात असता मुलांना एकत्र बसविणे हे क्रौर्य ठरले असते. आमचा आक्षेप बंद करण्याला नाही. उघडण्याच्या वेळी जी क्रमवारी लावली गेली, तिला आमचा आक्षेप आहे. आणि त्याहूनही मोठा आक्षेप आहे तो शाळा उघडल्यानंतर, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुस्तकाचे पुढचे पान उलटण्याला.

साथीशी लढण्यासाठी शासनांनी १८९७ चा साथरोग कायदा बाहेर काढला. सव्वाशे वर्षांपूर्वी परकीय राजवटीने प्लेगसाठी केलेला कायदा २०२० साली कपाटात हाताशी सापडला! त्याच १८९७ साली, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता देह ठेवला. ज्या बाईने मुलींच्या हाती पाटी दिली, तिनेच रोग्याला पाठीवर घेतले. तिच्या लेखी ही दोन कामे वेगळी नव्हती. शासनाला त्या वर्षातील कायदा तेवढा आठवला. साथीच्या काळात शिक्षण कसे चालवावे, याविषयीचा एकही कागद त्या कपाटात नव्हता, आणि पुढच्या संकटासाठी तो लिहून ठेवण्याची निकड अजूनही कोणास भासल्याचे दिसत नाही.

मग काय होते? भ्रमणध्वनी होता. आमची त्या यंत्राशी काही शत्रुता नाही. परंतु 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही महाराष्ट्र शासनाची घोषणा ऐकताना आमच्या मनात एकच प्रश्न उभा राहत असे : कोणाचे शिक्षण सुरू? ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत सुमारे चौदाशे मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शंभरात आठ निघाली. शंभरात सदतीस मुले मुळीच काही शिकत नव्हती. घरात फोन असला तरी तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात. तो संध्याकाळी परत येई तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला. आणि दोन भावंडे असली तर फोन थोरल्याचा, कारण त्याची दहावी. धाकटीने खिडकीत बसावे. शेतमजुराच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या, फौंड्रीत राबणाऱ्या कामगाराच्या घरात हे शिक्षण कसे पोहोचणार होते, याचा विचार करणाऱ्यांच्या घरी प्रत्येक मुलाला स्वतंत्र फोन होता, एवढाच त्याचा अर्थ.

कर्नाटक शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये 'विद्यागम' योजना आणली. शिक्षकांनी गावात जावे, देवळाच्या ओवरीत, झाडाखाली, मुलांचे लहान गट करून शिकवावे, अशी ती कल्पना. कल्पना चांगली होती, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो; पडद्यापेक्षा माणूस बरा, हे तिने ओळखले होते. परंतु लागण पसरल्याच्या वार्ता आल्या आणि ऑक्टोबरमध्ये ती थांबविण्यात आली. शिक्षकाला मुलांकडे पाठविताना त्याच्या संरक्षणाची सोय कोणी केली होती? शिक्षण हक्काच्या कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई केली आहे; मात्र जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण ही तीन कामे वगळून. त्या दोन वर्षांत या अपवादांनीच नियम गिळून टाकला. नाक्यावर शिक्षक, घरोघरच्या पाहणीत शिक्षक, मतदान केंद्रावर शिक्षक. आणि 'मास्तर घरी बसून पगार खातात' हे बोल ऐकावयासही शिक्षकच! ज्यांनी ही निंदा केली, त्यांनी ती परत घेतल्याचे आमच्या कानावर आलेले नाही.

यानंतर आला निकालांचा उत्सव. २०२१ साली महाराष्ट्रात दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. कर्नाटकात १९ व २२ जुलै २०२१ या दोन दिवसांत बहुपर्यायी प्रश्नांवर परीक्षा उरकली आणि निकाल लागला ९९.९ टक्के. त्या परिस्थितीत मुलांना अडवून धरणे अन्यायाचे झाले असते, हे मान्य. परंतु दया दाखविणे वेगळे आणि दयेला गुणवत्ता म्हणून मिरविणे वेगळे. पुढे २०२४ साली कर्नाटकात परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्यांची नजर बसली, तेव्हा दहावीचा निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. आणि तोही कृपागुणांची मर्यादा १० वरून २० टक्क्यांवर नेल्यानंतर. ही मुले टाळेबंदी आली तेव्हा सहावीत होती. सारा दोष साथीच्या माथी मारणे बरोबर नाही. कॅमेऱ्यांनी काही जुनी दुखणीही उघडी केली. तथापि ज्या पायावर सातवी आणि आठवी उभी करावयाची तो पायाच घातला गेला नव्हता, ही गोष्ट कॅमेऱ्याने केलेली नाही.

आता ज्या आकड्यांच्या आधारे 'नुकसान भरून निघाले' असे सांगितले जाते, त्या आकड्यांकडे वळू. वाचकांनी येथे थोडा धीर धरावा. गोम येथेच आहे. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची परीक्षा घेतो. दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा मुलाला वाचता येतो की नाही, एवढीच ती परीक्षा. २०१८ साली तिसरीतील शंभरापैकी सुमारे सत्तावीस मुलांना (२७.३ टक्के) तो वाचता येत होता. २०२२ साली हे प्रमाण २०.५ वर घसरले. २०२४ साली ते पुन्हा २७.१ वर आले. झाले! लगेच टाळ्या पडल्या : जेथे होतो तेथे परत आलो.

पण परत कोण आले? २०२४ साली तिसरीत असलेले मूल पहिलीत दाखल झाले ते जून २०२२ मध्ये, म्हणजे शाळा उघडल्यानंतर. त्याचे पहिलीचे वर्ष बुडालेच नव्हते. बुडाले होते त्याच्या दोन वर्षे पुढच्या मुलाचे. आणि ते मूल २०२४ साली तिसरीत नव्हते, पाचवीत होते. रोगी एक आणि तपासणी दुसऱ्याची करून प्रकृती सुधारल्याचा दाखला दिला, असा हा प्रकार आहे. जून २०२० च्या त्या मुलाचा माग काढावयाचा तर २०२२ ची तिसरी आणि २०२४ ची पाचवी पाहिली पाहिजे. तिसरीत त्याच्या बरोबरीच्या शंभरांपैकी वीस-एकवीस मुले दुसरीचा उतारा वाचत होती. पाचवीत ४८.८ टक्के वाचू लागली. म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पाच वर्षे संपत आली तरी निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. हीच मुले २०३० साली दहावीच्या परीक्षेस बसणार आहेत. त्या वर्षी निकाल कोसळला की साथीची आठवण कोणालाही होणार नाही. 'ही पिढीच आळशी' असे म्हणून सारे मोकळे होतील.

यावर एक उत्तर तयार असते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. २०१८ सालीदेखील पाचवीत वाचू शकणारी मुले ५०.५ टक्केच होती, मग ४८.८ म्हणजे तूट जवळजवळ भरलीच की! होय, जवळजवळ भरली. तिचे श्रेय त्या शिक्षकांना, ज्यांनी तिसरीच्या वर्गात बसून पहिलीची मुळाक्षरे गिरवून घेतली, आणि ते श्रेय आम्ही हातचे न राखता देतो. कर्नाटकात २०२२-२३ साली राबविलेल्या 'कलिका चेतरिके' या अध्ययन पुनर्प्राप्ती कार्यक्रमातही राबले ते शिक्षकच. परंतु २०१८ हे साल म्हणजे काही सुवर्णयुग नव्हते. त्या साली निम्मी मुले पाचवी ओलांडताना वाचता न येता ओलांडत होती. तेथे परत जाणे हे ज्यांना उद्दिष्ट वाटते, त्यांनी गरिबाच्या मुलाविषयी आपली अपेक्षा किती खाली ठेवली आहे, हे स्वतःलाच विचारावे. साथीने नवे भोक पाडले त्यापूर्वीच बादली अर्धी गळत होती.

सीमाभागातील शाळेला या सर्व दुःखाबरोबर आणखी एक दुःख आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. साथीत दोन राज्यांची हद्द नकाशावरून रस्त्यावर उतरली. मे २०२० मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना मज्जाव केला. फेब्रुवारी २०२१ पासून चाचणीचा दाखला मागितला जाऊ लागला आणि कोगनोळी नाक्यावर वाहनांच्या रांगा लागल्या. ज्याचे घर निपाणीकडे आणि महाविद्यालय कोल्हापुरात, त्या विद्यार्थ्याला आपण कोणत्या देशात राहतो हे कोडे पडावे अशी ती अवस्था होती. रोगाला हद्द कळत नव्हती. दाखला तपासणाऱ्याला तेवढी कळत होती.

पण नाका उठला. भाषेचा नाका उठलेला नाही. मूल एकोणीस महिने घरात होते तेव्हा त्याला शिकविणारे कोण होते? आई आणि आजी. त्यांच्यापाशी होती ती मायबोली. शाळा उघडल्यावर मागे राहिलेल्या मुलाला वर काढावयाचे तर याच शिदोरीवर काढावे लागते; परकी भाषा डोक्यावर लादून नव्हे. हे आमचे भावनाविवश मत नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याची जबाबदारी प्रत्येक राज्यावर टाकली आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याचे २९ वे कलमही शक्य तेथवर मातृभाषाच माध्यम असावे असे सांगते. साथीच्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी माणसाने आनंदाने पेढे वाटले. त्यांनी काय केले होते? वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड होती, क्रमिक पुस्तके त्यांना कळत नव्हती. म्हणून हा मराठी शिक्षक स्वतः कन्नड शिकला आणि त्याने धडे मुलांच्या भाषेत उतरविले. महाराष्ट्रातील कन्नड मुलासाठी हे योग्य असेल, आणि ते योग्यच आहे, तर कर्नाटकातील मराठी मुलासाठी अयोग्य कसे? आम्ही सवलत मागत नाही. परितेवाडीचाच न्याय मागतो.

मात्र सर्व बाण बंगळुरूच्या दिशेने सोडून घरी परतण्याची मुभा आम्ही आमच्या नगरवासीयांस देणार नाही. साथीत धंदे बुडाले, पगार तुटले, खाजगी शाळांची फी झेपेना, तेव्हा देशभर मुले सरकारी शाळांकडे परतली. 'असर'च्याच आकड्यांप्रमाणे ग्रामीण भागात सहा ते चौदा वयोगटातील सरकारी शाळेतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ झाले. हाती संधी आली होती. ज्या दारातून लोक वर्षानुवर्षे बाहेर पडत होते, त्याच दारातून ते संकटाने का होईना आत आले होते. २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा ६६.८ झाले. आले तसे गेले. वर्गाला छत नव्हते, स्वच्छतागृहाला पाणी नव्हते, चार वर्गांना दोन शिक्षक होते, थांबावे कशासाठी? आणि आता त्याच रिकाम्या बाकांकडे बोट दाखवून पटसंख्या नाही, शाळा जोडून टाका, असे सांगितले जाईल. मराठी शाळेसाठी मोर्चात घोषणा देणाऱ्या आणि स्वतःच्या नातवाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून त्या मोर्चाला येणाऱ्या प्रतिष्ठितांना आम्ही ओळखतो. नावे घेण्याचे कारण नाही. त्यांना हे वाचताना कळेलच.

करावयाचे काय, हे विचारण्यास आता वेळ फार थोडा आहे. कायद्याने प्रत्येक शाळेला समिती दिली आहे; आपल्याकडे तिला एसडीएमसी म्हणतात. तीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असावे लागतात. ही समिती स्वातंत्र्यदिनी खुर्च्या मांडण्यासाठी नाही. वर दिलेले आकडे साऱ्या देशाचे आहेत. आपल्या गल्लीतील शाळेचा आकडा आपणच काढला पाहिजे. पहिली किंवा दुसरी टाळेबंदीत गेली अशा प्रत्येक मुलाला समितीसमोर नव्हे, आपुलकीने, एकेकट्याला, दुसरीचे एक पान वाचावयास द्यावे. ज्याला येत नाही त्याचे नाव कोणत्याही फलकावर न लावता वहीत लिहावे. मग त्या वहीतील मुलांसाठी रोज सायंकाळी एक तास. जागा नाही असे कोणी म्हणू नये; गणेशोत्सव मंडळांच्या जागा वर्षातील अकरा महिने कुलपात असतात, आणि वाचनालयांच्या सभागृहांतील पंखे सत्कार समारंभांखेरीज फिरत नाहीत. माणसे नाहीत असेही म्हणू नये. निवृत्त शिक्षक प्रत्येक पेठेत आहेत, आणि पदवी घेऊन नोकरीच्या प्रतीक्षेत कट्ट्यावर बसलेले तरुण तर त्याहूनही अधिक. मुलींच्या बाबतीत वहीत एक रकाना अधिक ठेवावा : शाळा उघडल्यावर परत न आलेल्या मुलींचा. त्या कोठे गेल्या, कोणाच्या घरी भांडी घासतात, कोणाच्या उसाच्या फडात आहेत, कोणाच्या अंगाला अठरा पूर्ण होण्याआधीच हळद लागली, याची चौकशी समितीतील आयाच करू शकतील. खात्याच्या तपासनिसाला ते जमणार नाही.

आणि हीच वही हाती घेऊन मग गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत जावे. मराठी माध्यमाच्या रिकाम्या शिक्षकजागा किती, त्या केव्हा भरणार, मागे राहिलेल्या मुलांसाठी मराठीतील स्वतंत्र साहित्य केव्हा देणार, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत, पोच घ्यावी आणि उत्तराची तारीख मागावी. महिन्याभरात ज्या शाळांच्या समित्या अशी वही तयार करतील, त्यांनी तिच्यातील मुलांची नावे वगळून केवळ आकडे आमच्याकडे पाठवावेत. ते आम्ही याच पानावर, शाळेच्या नावानिशी, छापू. आणि कचेरीकडून आलेले उत्तर, किंवा उत्तर न आल्यास किती दिवस आले नाही तो आकडा, त्याच्या शेजारी छापू.